अपुऱ्या गोष्टीचा धनी

गेम बनवणाऱ्यांत एक जात अशी आहे की तिला "तुमच्या गेममध्ये जिना चढताना माणूस जमिनीत गडप होतो" असं सांगितलं, की ती खूश होते. अगदी मनापासून. "बरं झालं सांगितलंत! सेव्ह फाइल पाठवता का? ग्राफिक्स कार्ड कोणतं तुमचं?" अशी आपुलकीने चौकशी करते. त्याच माणसाला सांगा, की जिना नीट चढून वर गेल्यावर नायिकेचा बाप जे भाषण ठोकतो ते कंटाळवाणं आहे. लगेच नूर पालटतो. जिना फसला तर खापर कोडवर फोडता येतं. भाषण फसलं तर कोणाकडे बघायचं?

हा गृहस्थ कथाप्रधान गेमचा लेखक असतो, दिग्दर्शक असतो आणि, स्टुडिओत माणसं मोजून तीन असल्यामुळे, तक्रार निवारण अधिकारीही तोच असतो. त्याचा गेम अजून पूर्ण झालेला नाही. विकायला मात्र आहे.

ही सोय तशी रीतसर आहे. २०१३च्या मार्चमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम या दुकानात 'अर्ली अ‍ॅक्सेस' नावाचा कप्पा उघडला. अर्धवट गेम अर्धवट म्हणूनच विकायचा आणि आलेल्या पैशांवर नि अभिप्रायांवर पुढचा बांधायचा. विक्रेत्याला एक प्रश्नावली भरावी लागते: अर्ली अ‍ॅक्सेस कशासाठी, साधारण किती काळ, पूर्ण आवृत्तीत वेगळं काय असेल, किंमत बदलेल का, वगैरे. इथपर्यंत आपला माणूस दोन-दोन ओळींत उरकतो. खेळाडूंना या कामात कसं सहभागी करून घेणार, या प्रश्नाला मात्र त्याला भरतं येतं. 'ही गोष्ट आपण सगळे मिळून घडवणार आहोत,' असं तो लिहून जातो. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून निघतं, कारण खेळाडू ते वाचतात आणि चक्क खरं मानतात.

शेतीच्या किंवा लढाईच्या गेमला अर्धवटपणा खपून जातो. दहा पिकांऐवजी चारच असली तरी नांगर चालतो. गोष्टीचं तसं नाही. फोडणी न दिलेली आमटी वाढायची आणि 'चव कशी आहे?' म्हणून पानासमोर उभं राहायचं, त्यातला हा प्रकार. कोणी तोंड वाकडं केलं तर उत्तर तयार असतं: "अहो, अजून व्हायचीय!"

त्याच्या गेममध्ये एक म्हातारा नावाडी आहे. नायिकेला नदीपार नेताना तो आपली जन्मकथा सांगतो. नदी अरुंद, कथा लांब. पलीकडचा काठ लागल्यावरही नाव हलत नाही, कारण नावाड्याच्या धाकट्या भावाचं लग्न अजून व्हायचं असतं. मधे बटण दाबून संवाद पुढे ढकलायची सोय नाही. ती मुद्दामच ठेवलेली नाही. नदी ओलांडण्याचं 'वजन' खेळाडूला जाणवलं पाहिजे, असं धन्याचं मत आहे.

एके रात्री रिव्ह्यू येतो. स्टीमवर रिव्ह्यू म्हणजे अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधलं काही नाही. शिवाय खेळाडू किती तास खेळला तेही शेजारी छापून येतं. अंगठा खाली, तास एकतीस, मजकूर एवढाच: 'नावाड्याला कोणीतरी गप्प करा.'

स्टीमवर रिव्ह्यूखाली डेव्हलपरला सगळ्यांना दिसेल असं उत्तर देता येतं. ही सोय ज्याने काढली त्याने अशा माणसांच्या झोपेचा विचार केलेला दिसत नाही. आपला माणूस लिहायला बसतो. 'अभिप्रायाबद्दल आभार.' इथपर्यंत हात सराईत चालतो. मग 'मात्र' हा शब्द येतो, आणि 'मात्र' आला की तीन परिच्छेद येतात. नदी हे कशाचं प्रतीक आहे, नावाड्याचं बोलणं हे खरं तर त्याचं मौन कसं आहे, पाचव्या अंकात (जो अजून लिहायचा आहे) भावाच्या लग्नाचा उलगडा झाल्यावर सगळं कसं जुळून येईल. शेवटी एक बारीक टोला: 'एकतीस तास खेळल्याबद्दल विशेष आभार.' स्टुडिओतली दुसरी व्यक्ती, जी चित्रं काढते आणि झोपते, सकाळी हे वाचते आणि पहिलं वाक्य ठेवून बाकीचं उडवते. तोवर त्या उत्तराचा फोटो काढून कोणीतरी जगभर फिरवलेला असतो.

दाखले त्याच्या जिभेवर असतात. पहिला अर्थातच लॅरियनचा. बेल्जियममधल्या गेंटच्या या स्टुडिओने ६ ऑक्टोबर २०२० रोजी 'बाल्डर्स गेट ३'चा फक्त पहिला अंक बाजारात आणला, तोही साठ डॉलरला, म्हणजे पुऱ्या किमतीत. पूर्ण गेम यायला ३ ऑगस्ट २०२३ उजाडला. "तीन वर्षं थांबलेच ना लोक?" असं तो विचारतो. त्या तीन वर्षांत काय झालं ते सांगत नाही. खेळाडू म्हणाले, फासे फार वाईट पडतात. काही महिन्यांत नशीब थोडं सावरून घेणाऱ्या फाशांचा पर्याय आला. खेळाडूंना विल नावाचा सोबती भावला नाही. त्याची कहाणी जवळपास नव्याने लिहिली गेली, आवाज देणारा नटही बदलला. अख्खं पात्र! इथे एका नावाड्याचं एक वाक्य कमी करायला धनी तयार नाही, आणि दाखला लॅरियनचा.

लॅरियनवाल्यांनीही एकदा उलट तक्रार केली होती, ती मात्र त्याला पाठ आहे. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी आकडेवारी तपासली, तर बहुसंख्य खेळाडूंनी बनवलेल्या पात्राची सरासरी काढल्यावर एक अगदीच साधासुधा माणूस निघाला. शिंगं दिली, शेपट्या दिल्या, राक्षसाचे डोळे दिले, आणि लोकांनी निवडलं काय, तर हे! कंपनीने जाहीरपणे, थट्टेच्या सुरात का होईना, निराशा व्यक्त केली. आपल्या माणसाला त्यातली थट्टा दिसत नाही. त्याला तो आपल्या पक्षाचा जाहीरनामा वाटतो.

दुसरा दाखला 'केंटकी रूट झीरो'चा. पहिला अंक जानेवारी २०१३ला, पाचवा जानेवारी २०२०ला. सात वर्षं! यातही एक गोष्ट तो गाळतो: तो एकेक अंक आला तो घोटून, पुसून, पूर्ण होऊनच आला होता. वाट बघायला लागली ती पुढच्या अंकाची. हातात पडलेल्या अंकाबद्दल 'अजून व्हायचाय' असं कोणी सांगत नव्हतं.

टिम शेफरच्या 'ब्रोकन एज'चा दाखला मात्र तो अर्ध्यावर सोडतो, आणि ते स्वाभाविक आहे. २०१२ साली शेफरच्या डबल फाइन स्टुडिओने किकस्टार्टरवर लोकांकडे ४ लाख डॉलर मागितले, मिळाले ३३ लाखांहून अधिक, आणि तरीही पैसे पुरेनात. मग गोष्ट मधोमध कापली. पहिला भाग जानेवारी २०१४मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५मध्ये. पहिल्या भागातली कोडी फार सोपी म्हणून ओरड झाली. स्टुडिओने ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या भागात कोडी अवघड केली. मग ती फार अवघड झाली म्हणून ओरड झाली. ऐकणाऱ्याचंही कधी कधी असं होतं, हे मान्य करायला हवं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा तर पूर्ण गेम म्हणूनच विकला गेला. २०१७ साली किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत, तरी २०२०मध्ये गेम आला, आणि दुर्गा नि विष्णू ज्यात निवेदन करतात अशा त्या गेमचं जगभर कौतुकही झालं. पण 'एकदम संपतोच कसा?' ही तक्रार त्यालाही चुकली नाही. पुढे 'राजी: कलियुग' जाहीर झाला. पूर्ण म्हणून विकला तरी खेळाडू उरलेली गोष्ट मागतातच.

एक दाखला मात्र धनी तोंडून काढत नाही. मार्च २०१२मध्ये बायोवेअर कंपनीचा 'मास इफेक्ट ३' आला. त्याचा शेवट पाहून खेळाडू खवळले: एवढे निर्णय घ्यायला लावलेत, आणि शेवटी फरक काय, तर रंगाचा? मग काहींनी वर्गणी काढून कॅनडातल्या एडमंटनला, बायोवेअरच्या कचेरीत, चारशेच्या वर कपकेक पाठवले. लाल, निळे आणि हिरवे. चव तिन्हींची एकच, व्हॅनिला. एवढी नेमकी, एवढी गोड समीक्षा क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. कंपनीने कपकेक गरजू मुलांच्या निवाऱ्याला दिले, आणि जूनमध्ये शेवटाचा विस्तार फुकटात आणला. धन्याला हा किस्सा ऐकवला तर तो एवढंच म्हणतो, "तो गेम पूर्ण होता. माझा अजून व्हायचाय."

रिव्ह्यूला उत्तर देण्याच्या वरची पायरी आहे माफीपत्राची. त्याची शैली पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने घडवली. २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७' पुन्हा पुन्हा लांबणीवर पडला, तेव्हा पिवळ्याधमक पाटीवर काळ्या अक्षरांत निवेदनं यायची. डिसेंबरात गेम आला, सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून तो काढून टाकला, आणि क्षमायाचनाही पिवळ्या पाटीवरच आली. आपल्या माणसानेही तसली एक पाटी तयार करून ठेवली आहे. निळी. वापरायची वेळ आलेली नाही, कारण तिच्यातल्या 'आमचं चुकलं' या दोन शब्दांवर गेले कित्येक दिवस काम चालू आहे.

पण नावाड्याबद्दलचे अंगठे काही थांबत नाहीत. दुकानाच्या पानावर 'संमिश्र' असा शेरा झळकतो. विक्री मंदावते. चित्रं काढणारी व्यक्ती जेवणाच्या वेळी नुसती 'नदी' एवढंच म्हणते आणि भाजी वाढून घेते. आणि मग एका शुक्रवारी पॅच नोट्स प्रसिद्ध होतात. जिन्याची दुरुस्ती, सावल्यांची दुरुस्ती, आणि तळाशी, लहानशा ओळीत: 'काही संगणकांवर नावाड्याचे संवाद अपेक्षेपेक्षा लांब ऐकू येत होते. ही तांत्रिक त्रुटी दूर केली आहे.'

म्हणजे गोष्ट निर्दोष होती. संगणक लांब होते.

नाव आता चटकन पैलतीराला लागते. भावाचं लग्न दोन वाक्यांत उरकतं. सोमवारी सकाळी धनी हौसेने रिव्ह्यूंचं पान उघडतो. वर तोच एकतीस तासांचा खेळाडू असतो. तास आता अठ्ठ्याण्णव, अंगठा अजूनही खालीच, मजकूर बदललेला: 'लग्नात पुढे काय झालं? नावाड्याला बोलू द्या.'