पेडणे व डिचोली महालांतील समस्त पासवर्डधारकांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त पासवर्डधारक,
पेडणे व डिचोली महाल, गोवा.

विषय : पासवर्ड तयार करणे, तो स्मरणात ठेवणे आणि तो परक्यांच्याही सहज स्मरणात राहील अशी तजवीज करणे याबाबत.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पासवर्ड म्हणजे खातेदार आणि संगणक या दोघांनाच ठाऊक असावा असे अपेक्षित असलेला अक्षरसमूह, अशी त्याची शास्त्रीय व्याख्या आहे. तथापि तेरेखोलपासून साखळीपर्यंतच्या प्रदेशात या व्याख्येतील ‘दोघांनाच’ ही अट फारशी मनावर घेतली गेलेली नाही, आणि या औदार्याचा ज्यांना सर्वाधिक लाभ होतो, ते दूरदेशी बसून इतरांचे पासवर्ड ओळखण्याचा उद्योग करणारे कष्टकरी आजवर उपेक्षितच राहिले आहेत. त्यांचे श्रम आणखी वाढू नयेत या हेतूने, प्रचलित पद्धतींपैकी कोणत्या जपाव्यात आणि तज्ज्ञांच्या कोणत्या सूचनांपासून दूर राहावे, याचे विवेचन या पत्रात केले आहे.

पासवर्डाचा इतिहास गोव्याच्या अर्वाचीन इतिहासाला समांतर जातो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणाऱ्या सीटीएसएस या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. या प्रणालीत प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एकेक पासवर्ड देण्यात आला; परंतु १९६२ साली ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. पासवर्डाचे बारसे होते न होते तोच त्याची चोरी झाली, असा हा वृत्तान्त असून, पुढील साठ वर्षांत जे घडले ते या घटनेचे सविस्तर भाष्य मानता येईल.

उपरोक्त महालांत पासवर्ड तयार करण्याची जी रीत रूढ आहे, तिचा पाया आडनाव हा होय. येथे आडनाव हाच माणसाचा पत्ता असतो : मांद्रेकर मांद्र्याचा, हरमलकर हरमलचा, मयेकर मयेचा, नार्वेकर नार्व्याचा, आणि गाव कळला की देवता शोधावी लागत नाही, कारण पेडण्याची भगवती, मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई आणि नार्व्याचा सप्तकोटेश्वर ही नावे पंचक्रोशीतील लहान मुलालाही पाठ असतात. आडनावावरून गाव, गावावरून देवता आणि देवतेच्या नावापुढे १२३, अशी ही त्रिसूत्री असून तिच्यात श्रद्धा आणि सोय या दोहोंचा संगम झालेला आहे. देवीपुढे गाऱ्हाणे घालण्याचा अधिकार सर्वांना सारखाच असल्यामुळे, तिच्या नावाने उघडणाऱ्या खात्यावरही तो सर्वांना आपोआप पोचतो, एवढेच काय ते न्यून.

अंकांची निवडही तितकीच विचारपूर्वक होते. वाहनाच्या पाटीवरील जीए-११ किंवा जीए-०४, टपालाचा ४०३५१२ किंवा ४०३५०४, आणि मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्याच्या उद्घाटनाचे २०२२ हे साल, हे अंक सर्वत्र लिहिलेलेच असल्याने विसरण्याची भीती उरत नाही. इतिहासाची आवड असलेले धारक याहून पुढे जातात आणि तेरेखोलच्या नावापुढे १७४६ हे वर्ष जोडतात, म्हणजे ज्या वर्षी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी घेतला ते. ज्या किल्ल्याला स्वतःचे रक्षण करता आले नाही, त्याच्यावर बचत खात्याच्या रक्षणाचा भार टाकण्यामागे त्याला दुसरी संधी देण्याची उदात्त भावना असावी. ज्यांना शिवकाल प्रिय आहे ते नार्व्याच्या सप्तकोटेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धाराचे १६६८ हे वर्ष घेतात, आणि विद्वान असल्यास शके १५९०. हा शक मंदिरातील शिलालेखातच कोरलेला असल्यामुळे तो स्मरणात ठेवण्याची जबाबदारी दगडाने परस्पर उचलली आहे.

स्वतःच्या गावाचे नाव पासवर्डात घालण्याचा कोणीही संकोच बाळगू नये, कारण या रीतीला आता आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा लाभलेली आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून १९ ऑक्टोबर २०२५ रोजी भरदिवसा राजघराण्याचे दागिने चोरीस गेल्यानंतर, २०१४ च्या एका सुरक्षा-तपासणीत तेथील कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड ‘लूव्र’ हाच आढळला होता, असे फ्रेंच वृत्तपत्रांनी छापले. चोरांनी या सोयीचा लाभ न घेता शिडी लावून खिडकी कापली, यावरून व्यासंगाचा अभाव त्या व्यवसायातही शिरल्याचे दिसते.

पासवर्डाचा अंदाज करणारा चोरांचा प्रोग्राम कसा काम करतो, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जबाबदार संस्था पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचा हॅश साठवते. हॅश म्हणजे मूळ शब्दावरून गणिताने काढलेली अशी खूण, की जिच्यावरून उलट मार्गाने मूळ शब्द मिळत नाही. अशा खुणांची यादी चोरीस गेल्यास चोर एकेक संभाव्य शब्द घेऊन त्याची खूण काढतो आणि जुळते का ते पाहतो. खूण काढण्याची पद्धत साधी असल्यास त्याचे यंत्र सेकंदाला कोट्यवधी शब्द तपासते. एका शतकातील सर्व जन्मतारखा मिळून सुमारे ३६,५०० भरतात, तेव्हा जन्मतारखेचा पासवर्ड ठेवणाऱ्या धारकाने त्या यंत्राला डोळे मिटण्याइतकाही वेळ लागू न देण्याची काळजी घेतलेली असते, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करावे लागेल.

काही संस्था मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह यांची सक्ती करतात. या सक्तीचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेत आहे. पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलावा, ही शिफारसही तिच्याच पठडीतली. जनतेने या नियमांचे पालन करताना पहिले अक्षर मोठे केले, ‘ए’च्या जागी ईमेलच्या पत्त्यातले वेटोळे चिन्ह बसवले, शेवटी उद्गारचिन्ह ठेवले आणि मुदत भरताच १२३ चे १२४ केले; सर्वांनी हे एकाच प्रकारे केल्यामुळे चोरांना आपल्या प्रोग्रामात मोजक्याच नियमांची भर घालावी लागली. २०१७ साली या संस्थेने सक्ती आणि मुदत या दोन्हींची शिफारस मागे घेतली, पासवर्डाच्या लांबीवर भर दिला, आणि स्वतः बर यांनी त्या मार्गदर्शिकेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जुने नियम चालूच ठेवणाऱ्या संस्थांचे याबद्दल विशेष आभार मानले पाहिजेत.

पासवर्ड विसरल्यास ओळख पटवण्यासाठी विचारल्या जाणाऱ्या खासगी प्रश्नाला सुरक्षा-प्रश्न म्हणतात, आणि आईचे माहेरचे आडनाव, जन्मगाव व पहिली शाळा हे त्यांतील नित्याचे नमुने होत. अमेरिकेत २००८ साली उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते एका विद्यार्थ्याने अशाच प्रश्नांची उत्तरे उघड माहितीत शोधून उघडले होते. पेडणे आणि डिचोलीत हा शोधही घ्यावा लागत नाही. लग्नपत्रिकेत कोण कोणाची नात आणि कोठली हे सविस्तर छापलेले असते. निधनवार्तेत मुलगे, सुना, मुली, जावई आणि नातवंडे यांची यादी येते. वाढदिवसाचा फलक तिठ्यावर लागतो. आणि एवढे करूनही काही राहिलेच तर त्याच तिठ्यावरील चहाच्या दुकानात ते कोणीही आग्रहाने सांगतो. सुरक्षा-प्रश्नाचे उत्तर खोटे द्यावे, म्हणजे माहेर विचारल्यास ‘कुळीथ’ असे लिहावे, अशी तज्ज्ञांची सूचना आहे. परंतु आजोळाविषयी बँकेपुढे खोटे बोलणे संस्कारांत बसत नसल्याने ती स्वीकारली जाण्याची भीती नाही.

सर्व खात्यांना एकच पासवर्ड ठेवण्याची रीतही अशीच स्तुत्य आहे. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड उघड्या स्वरूपात चोरीस गेले, त्यांत १२३४५६ हा पहिल्या क्रमांकावर होता, आणि ती यादी आजही अंदाजकर्त्यांचे पाठ्यपुस्तक म्हणून वापरली जाते. एका ठिकाणी फुटलेली नावे आणि पासवर्ड दुसरीकडे यंत्राने लावून पाहण्याच्या प्रकाराला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात; त्यामुळे चवथीच्या खरेदीसाठी एकदाच उघडलेल्या एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरून पासवर्ड फुटला, तर ईमेल, बँक आणि वीजबिल यांचे दरवाजे एकाच किल्लीने उघडतात आणि चोराचा बहुमूल्य वेळ वाचतो.

स्मरणाच्या बाबतीत या महालांची एक खास अडचण आहे. सरकारदरबारी गावांची नावे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात : पेडण्याचे पेर्नेम, डिचोलीचे बिचोलिम, हरमलचे अरम्बोल होते, त्यामुळे पासवर्ड गावाच्या नावाचा आहे हे शेजाऱ्याला निश्चित ठाऊक असते, परंतु तो घरच्या उच्चाराने लिहिला की फलकावरच्या, हे खुद्द धारकाला आठवत नाही. तीन प्रयत्न फसून खाते बंद झाले की चौकशीसाठी पणजी गाठावी लागते. परक्यास सुलभ आणि मालकास दुर्लभ असा पासवर्ड निर्माण करण्याचा मान अशा रीतीने याच भूमीला मिळतो.

आता ज्या सूचनांपासून सावध राहावे त्यांचा निर्देश करणे क्रमप्राप्त आहे. पहिली सूचना वहीत लिहून ठेवण्याची. कागदावर लिहिणे हे पाप असल्याचे पूर्वी शिकवले जाई. परंतु पासवर्डाचे जनक कोर्बाटो यांनीच २०१४ साली एका मुलाखतीत आपले पासवर्ड टंकलिखित पानांवर ठेवल्याचे सांगितले, आणि वही जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांसोबत कपाटात बंद असेल तर परदेशस्थ चोराला ती वाचता येत नाही, हे अनेक सुरक्षातज्ज्ञांना मान्य आहे. सुदैवाने वहीऐवजी भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहिण्याची प्रथा अजून टिकून आहे आणि तिथी पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला तिचा लाभ होतो.

दुसरी सूचना अधिक घातक आहे. १९९५ साली आर्नल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाची पद्धत मांडली : ७,७७६ शब्दांची यादी घ्यावी, फासा पाच वेळा टाकून आलेल्या आकड्यांवरून एक शब्द निवडावा, आणि असे काही शब्द एकापुढे एक ठेवावेत. चारच शब्द घेतले तरी साडेतीन हजार लाख कोटींहून अधिक शक्यता निर्माण होतात. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी सांगितलेले तत्त्व येथे लागू पडते, ते असे की किल्ली सोडून बाकी सारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी सुरक्षितता ढळू नये. चोराकडे ती यादी आणि फासा दोन्ही असले तरी त्याला काही उमगत नाही. ‘पाटा-छत्री-तलाठी-भोपळा’ अशा समूहाचा ना आडनावाशी संबंध, ना गावाशी, ना देवतेशी. आणि या चार वस्तूंची एखादी विक्षिप्त गोष्ट मनात रचली की तो विसरतही नाही. मात्र हा नमुना येथे छापला गेल्यामुळे निरुपयोगी झाला असून, त्याच कारणास्तव तो उद्यापासून दोन्ही महालांत प्रचलित होईल अशी आशा आहे.

तिसरी सूचना पासवर्ड मॅनेजरची, म्हणजे सर्व पासवर्ड सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणाऱ्या आणि केवळ एका मुख्य पासवर्डाने उघडणाऱ्या प्रोग्रामची. चौथी पासकीची : २०२२ साली ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्रितपणे पुरस्कारलेल्या या पद्धतीत गुप्त किल्ली सामान्यतः फोनमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये राहते, ती बोटाच्या ठशाने वापरता येते, संकेतस्थळाकडे तिचा केवळ उघड जोडीदार असतो, आणि त्यामुळे विसरण्यासारखे किंवा फोनवरून कोणाला सांगण्यासारखे काही उरतच नाही. या दोन्हींचा प्रसार झाल्यास अंदाजकर्त्यांचा पिढीजात व्यवसाय बुडेल, याचा धारकांनी सहानुभूतीने विचार करावा.

अंदाजकर्त्यांची शेवटची आशा ओटीपीवर आहे. ओटीपी म्हणजे एकदाच वापरण्यासाठी फोनवर येणारा अंक. तो बँकेचा माणूसही मागत नाही, असे संदेशातच लिहिलेले असते. तरीही कदंबच्या भरलेल्या बसमध्ये तो मोठ्याने आणि दोनदा वाचून दाखवण्याची पद्धत आहे, कारण पलीकडच्याला पहिल्यांदा नीट ऐकू येत नाही. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवल्यास ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता वाढते, म्हणून तो क्रमांक लक्षात ठेवण्याचा आग्रह तज्ज्ञ धरतात. लक्षात राहिला म्हणून त्यालाच एटीएमचा पिन करण्याची जी योजना काही धारकांच्या मनात एव्हाना आकार घेऊ लागली असेल, तिला या पत्राचा मनःपूर्वक पाठिंबा आहे.

सारांश, ज्या समाजात माणसाचे नाव, गाव, कूळ आणि सोयरीक ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तेथे ओळखीवरून बनवलेला पासवर्ड गुप्त राहू शकत नाही, आणि जो कोणत्याही ओळखीवरून बनलेला नाही तोच टिकतो. हे सत्य दोन्ही महालांपासून शक्य तितका काळ लपवून ठेवावे. एवढी एक गोष्ट तरी येथे गुप्त राहू द्यावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

पासवर्डधारकांचा व पासवर्डचोरांचा
समान हितचिंतक

ता. क. : या पत्राची मूळ प्रत संगणकात पासवर्ड लावून सुरक्षित ठेवलेली आहे. ज्यांना ती हवी असेल त्यांनी पासवर्डासाठी वेगळा अर्ज करू नये. तो सर्वांना ठाऊक आहे.