पुरावा काय?

रत्नागिरीत ऐतिहासिक कादंबरीचं परीक्षण कोणी लिहीत बसत नाही. वाचनालयात पुस्तक परत करताना ते तोंडीच उरकलं जातं: “लिहिलंन झकास. पण पुरावा काय?” हा निकाल देणारा गृहस्थ साधारण पासष्टीचा, कोर्टातून नाहीतर ट्रेझरीतून निवृत्त झालेला असतो. गावात वाचनालय १८२८ सालापासूनचं, त्यामुळे वाचनाच्या बाबतीत तो कोणाचं ऐकून घेत नाही. आपण त्याला अण्णा म्हणू. आंब्याच्या पेटीचा वरचा थर न बघता खालचा पेंढा उपसून पाहावा, तशी अण्णा कादंबरी मागून उघडतात. संदर्भग्रंथांची यादी नसली तर लेखक आळशी, आखूड असली तर उथळ, आणि लांबलचक असली तर “एवढी सगळी वाचलीन होय?” मग पेन्सिल निघते. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम इतरांसाठी. अण्णा लिहीत नाहीत, दुरुस्ती करतात. समासात बारीक अक्षरात ‘तिथी तपासावी’, ‘इथे पागोटे हवे’ अशा नोंदी पडत जातात, आणि सगळ्यांत जास्त वेळा एकच शब्द पडतो: ‘पुरावा?’

त्यांचा हा अधिकार नुसता वयाचा नाही, भूगोलाचाही आहे. श्रीवर्धनचे भट, म्हणजे पेशवे, आणि वेळासचे भानू, म्हणजे फडणवीस, ही अण्णांच्या लेखी खाडीपलीकडची ओळखीची मंडळी. पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादणारे रियासतकार सरदेसाई तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलचेच. त्यामुळे राघोबादादाचा उल्लेख एकेरीत होतो, “दादानं घात केलान, समजलेत?” असं ऐन संध्याकाळी चौकात ऐकू येतं, आणि नारायणरावाचा खून गेल्या आठवड्यात झाला असावा इतपत आवाज चढतो. १८७१ सालच्या ‘मोचनगड’पासून मराठी कादंबरीकार इतिहासात कल्पनेचं पाणी घालत आले आहेत, ही अण्णांची मूळ तक्रार. ती रास्त आहे की नाही, हे ठरवण्याआधी त्यांच्या पेन्सिलीचा माग काढलेला बरा.

हा माग मोठा मजेशीर निघतो. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’चे समास ‘पुरावा?’नं भरून जातात. बाजीराव मस्तानीकडे नुसता वळला तरी अण्णांची पेन्सिल खडबडून जागी होते. रणजित देसाईंची १९६२ सालची ‘स्वामी’ मात्र स्वच्छ. तिथे माधवराव आणि रमाबाई एकांतात पानंच्या पानं बोलतात, रुसतात, समजूत काढतात, आणि समासात एक टिंबही पडत नाही. पडलेली असते ती पानांच्या कोपऱ्यांना, उलटून उलटून, सुरकुती. आता निव्वळ कागदांचा हिशेब केला तर पारडं उलटंच झुकतं. मस्तानीला पुण्यात कैद झाली होती, हे त्या काळच्या पत्रव्यवहारात आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर जखमी होऊन वारला, हेही नोंदलेलं आहे. नवरा-बायकोच्या महालातल्या लाडीगोडीची नोंद ठेवायला मात्र कोणी कारकून नेमला नव्हता. म्हणजे जिथे थोडाफार कागद आहे तिथे अण्णा पुरावा मागतात, आणि जिथे तो असणंच शक्य नाही तिथे डोळे पुसतात. अण्णांची कसोटी खरं काय ही नसून शोभतं काय ही आहे. शोभणाऱ्या गोष्टीला ते इतिहास म्हणतात, न शोभणारीला कादंबरी.

यावर कोणी म्हणेल, अण्णांना उगाच हसू नका. लोक कादंबरीलाच इतिहास समजतात, मग कोणीतरी पेन्सिल घेऊन बसायला नको का? हा आक्षेप खराच आहे. ‘राऊ’वर बेतलेल्या २०१५ सालच्या ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी यांनी जोडीनं पिंगा घातला, तेव्हा अण्णांचा जीव अक्षरशः कासावीस झाला, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. वाचक जागा असतो म्हणून लेखक दफ्तरात जाऊन बसतो, हेही मान्य. पण जागल्यानं सगळ्या दारांवर सारखी थाप मारायला हवी. आवडत्या घरासमोर घोरायचं आणि नावडत्या घरासमोर काठी आपटायची, याला राखण म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप असा की, कादंबरी म्हणजे बखर नव्हे, तिला पुरावा मागणंच चूक. तेही पूर्ण पटत नाही. खऱ्या माणसांची नावं वापरून जी गोष्ट खपते, तिनं त्या माणसांचं थोडं देणं लागावं. अण्णांची मागणी बरोबरच आहे. वाकडी आहे ती मागण्याची निवड.

ही निवड किती वाकडी, ते थिबा राजवाड्यापाशी कळतं. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा पदच्युत केला, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवला, आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचं मन राजवाड्यातल्या नोकरीवरच्या गोपाळ सावंतांवर जडलं. त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत इथल्या गरिबीत तिनं संसार केला. राजकन्या, निर्वासन, नको त्या माणसावर प्रेम: ऐतिहासिक प्रेमकथेला लागणारं सगळं सामान अण्णांच्या फेरफटक्याच्या वाटेवर आहे, आणि पुरावा म्हणाल तर आख्खा वाडा उभा आहे. तरी थिबाचा विषय निघाला की अण्णा छत्री उघडत म्हणतात, “हो, असं काहीसं झालं खरं. पण त्यात वाचण्यासारखं काय आहे?” एकदा पुरावा हातात आल्यावर त्यांना गोष्टच नकोशी होते.

तरीही अशा वाचकावाचून ऐतिहासिक कादंबरीचं चालणार नाही. नावं ठेवत का होईना, शेवटच्या पानापर्यंत जाणारा तोच. म्हणून अण्णांना विनंती इतकीच: पेन्सिल खाली ठेवू नका, पण पुढच्या खेपेला ‘स्वामी’ घरी न्याल तेव्हा तीही बरोबर असू द्या.