धानवाल्यांचा समुद्र

भंडारा जिल्ह्यातल्या करडीपासून समुद्र चारही बाजूंनी सारखाच लांब आहे, असा आमच्या गावातल्या बहुतेकांचा समज आहे. तो खरा नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर विशाखापट्टणम सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास येतं आणि मालवण पावणेनऊशेच्या. म्हणजे राहतो महाराष्ट्रात, पण जवळचा बंगालचा उपसागर. आमच्या वैनगंगेला हे फार पूर्वीच कळलं आहे. मोहाडी तालुक्यातून आमच्या बाजूने ती निघून जाते, पुढे प्राणहितेचं नाव घेते, गोदावरीत शिरते आणि आंध्रात समुद्राला मिळते. रिझर्वेशन नाही, रजेचा अर्ज नाही. तरीही घरात समुद्राची गोष्ट निघाली की नाव निघतं मालवणचंच. एक तर तिथे मराठी बोलतात (अशी आमची तिथे पोचेपर्यंत समजूत होती), दुसरं म्हणजे पाण्यात महाराजांचा किल्ला आहे, आणि तिसरं म्हणजे शेजाऱ्यांचे फोटो तिथलेच आहेत. तिसरं कारण सगळ्यांत वजनदार.

तर ठिकाण चहा निवायच्या आत ठरलं. कधी जायचं, यावर मात्र आमच्या घरात लवकर एकमत होईना.

पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या मेहुण्याने यावर एक तक्ता करून पाठवला. महिना, तापमान, पाऊस, हॉटेलचे दर, गर्दी, सगळे रकाने रंगवलेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिरव्या रंगात. बाबांनी चष्मा लावून तो मोबाईलवर वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे ज्यानं बनवलं ना, त्याच्या घरी एकही बांधी नसन."

मेहुण्याचा हिरवा रंग म्हणजे आमचा लाल. नोव्हेंबरात हलका धान घरी येत असतो आणि भारी धान उभा असतो. कापलेल्या कडपा बांधीत पसरलेल्या असताना आभाळात नुसतं टीचभर ढग आलं तरी अख्खं गाव वर पाहत बसतं. अवकाळी पावसाने कडपा भिजल्या की दाण्याला तिथेच अंकुर. त्या दिवसांत 'आम्ही जरा समुद्रावर चाललो' असं म्हणणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, असंच गाव धरून चालतं. कडपा उचलल्या की पुंजणे, पुंजण्यांनंतर चुरणं, चुरल्यावर पोती भरून आधारभूत खरेदी केंद्रावर नेणं. तिथे तर हंगामच वेगळा चालतो. आज बारदाना नाही, उद्या हमाल नाहीत, परवा गोदाम भरलं. काटा कधी होईल हे हवामान खात्यालाही सांगता यायचं नाही.

या सगळ्यावर मंडई. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या बहिणीच्या गावची, परवा सुनेच्या माहेरची. दिवसा दुकानं आणि सोयरिकीच्या गोष्टी, रात्री नाटक. वडसाहून कंपनी येणार, मंडपात बायाबापड्या पोरं पांघरुणात गुंडाळून बसणार, आणि पहाटेपर्यंत खलनायकाला शिव्या घालणार. मंडईचं बोलावणं टाळून कुणी समुद्रावर गेलं, तर पुढच्या लग्नात पंगतीला त्याच्या ताटात पुरणपोळी शेवटी पडते.

गंमत म्हणजे कोकणातही हाच हंगाम. कार्तिक उजाडला की तिकडे देवळादेवळांत जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटकं रात्र रात्र रंगतात. त्यामुळे आम्ही रिकामे होऊन मालवणला निघालो आणि समजा तिकडचाही माणूस तेव्हाच झाडीपट्टीची नाटकं बघायला निघाला, तर दोघांची गाठ कुठल्या तरी स्टेशनवरच पडायची. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तर तारीखच कॅलेंडरात नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते. हे कळल्यावर आमच्या आजीला कोकणाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. मेहुण्याच्या तक्त्यापेक्षा ही पद्धत तिला जास्त भरवशाची वाटते.

मग राहिला उन्हाळा. तोही सगळा मोकळा नसतो. उन्हाळी धान ज्यांच्याकडे आहे त्यांची मेपर्यंत सुटका नाही. मार्च-एप्रिलात मोह पडतो, मग तेंदूपत्ता निघतो, आणि लग्नं तर अशी लागतात की एकाच दिवशी एकाच घरातली माणसं चार मांडवांत वाटून पाठवावी लागतात. हे सगळं उरकून आम्ही मोकळे होतो ते थेट नवतपा तोंडावर आल्यावर. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत जातो आणि आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. ऐन त्याच वेळी समुद्र आठवला तर दोष कुणाचा?

मामाजींनी, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, हिशेब केला. भंडारा ४५, मालवण ३३. "बारा डिग्री फायद्यात हावो आपण," ते म्हणाले, आणि आम्ही विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. मुंबईला उतरून कोकण रेल्वे, कुडाळला उतरून पुढे रस्ता, कारण मालवणला रेल्वे जात नाही.

बारा डिग्रीचा फायदा खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांत संपला. मामाजींनी बनियन काढला, पिळला आणि घरमालकांना विचारलं, "कूलर कुठी आहे जी?"

घरमालक आधी समजलेच नाहीत. मग हसले. "कूलर हयसर काय कामाचो नाय ओ. गारेगार व्हया तर एसी घेवा, नायतर वायच गॅलरीत बसा."

कूलर नाही! विदर्भातल्या माणसाला हे ऐकून दुसऱ्या ग्रहावर आल्यासारखं होतं. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पत्र्याचा कूलर, त्यातला वाळा, खाली पाण्याचा तो गुळगुळ आवाज आणि रात्री कोण उठून पाणी भरणार यावरून होणारी भांडणं. मामाजींना वाटलं, घरमालक एसीचे पैसे काढायला बघतात. पण यात शास्त्र आहे. कूलर गार करतो तो पाणी सुकवून. आमच्याकडची हवा कोरडी, तहानलेली असते, वाळ्यातलं पाणी ती ओढून घेते आणि त्यात स्वतः थंड होते. मालवणातली हवा मेमध्ये आधीच पाणी पिऊन तट्ट फुगलेली. तिला वाळ्यातलं पाणी नको आणि तुमच्या पाठीवरचा घामही नको. तो तुमच्याकडेच राहतो. आमच्याकडे ४५ डिग्रीत झाडाखाली बसलेला माणूस निदान कोरडा तरी असतो.

समुद्रात जाऊन बसावं म्हटलं तर तिथेही दार लागलेलं. २६ मेच्या सुमारापासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्गात पर्यटकांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. किल्ला समोर, महाराजांनी १६६४ ते १६६७ या तीन वर्षांत उभा केलेला, काठावरून तटाचे दगड दिसतात. आणि ज्या होडीने तिथे जायचं ती होडी वाळूवर वर ओढलेली, तिच्यावर दोघे जण माडाच्या झापा शाकारत बसलेले. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. म्हणजे मेच्या शेवटी आम्ही मोकळे होतो आणि समुद्र दुकान बंद करतो. मामाजींनी धक्क्यावर उभं राहून किल्ल्याला लांबूनच हात जोडले आणि हिशेबाचा कागद पाण्यात टाकला.

सरकारनेही याला हातभार लावलेला आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आगेमागे उघडतात. म्हणजे जूनच्या मध्याला साऱ्या महाराष्ट्राची पोरं वर्गात आणि आमची रिकामी. स्वस्तात समुद्र बघायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला, असं वाटतं खरं. पण तोवर मोसमी पाऊस कोकणात पोचलेला असतो, आणि कोकणातला पाऊस म्हणजे आमच्या वर्षभराच्या दुपटीहून जास्त. बरं, तिकडे तो पडला की आठवडाभरात आमच्याकडे येतोच. मग पऱ्हे टाकायचे, बांध्या धरायच्या, रोवणीला बाया मिळवायच्या. रोवणीच्या दिवसांत ज्याला बायांची टोळी मिळाली तो माणूस गाव सोडत नाही, तसा टोळीलाही सोडत नाही.

गणपतीत जावं, हा विचार कुणी केला असेल तर करू नये. त्या दिवसांत कोकण रेल्वेची तिकिटं खिडकी उघडल्या उघडल्या संपतात, आणि ज्याच्या घरी गणपती आहे त्या कोकणी माणसालाही उभ्याने जावं लागतं. आपण मध्ये घुसणं बरं नाही.

माझा एक भाचा इटलीत मिलानला नोकरी करतो. त्याला विचारलं, तुमच्याकडे काय पद्धत? तो म्हणाला, भूमध्य समुद्राकाठी सगळं आपल्या उलट. पाऊस थंडीत पडतो, उन्हाळा कोरडा. १५ ऑगस्टला सगळा देश काठावर पालथा पडलेला असतो, शहरातली दुकानंसुद्धा बंद. ही सुट्टी रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनची. जाणते लोक मात्र सप्टेंबर धरतात, कारण गर्दी ओसरलेली असते आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी लवकर निवत नाही. बाबांना हे पटलं नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदन असतं आणि कुणाकुणाची रोवणीही राहिलेली असते, त्या दिवशी काठावर पडून राहणारा देश त्यांना जरा संशयास्पद वाटला.

पण पुढे भाच्याने एक फोटो पाठवला. मिलानहून तोरिनोला जाताना गाडीतून काढलेला. व्हेर्चेल्लीजवळ रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या, मैलोगणती. इटलीतला धान! पूर्वी तिथेही निंदणाला नि रोवणीला बायांच्या टोळ्या यायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या; आता सगळं यंत्राने होतं. बाबांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, बांध पाहिले, पाण्याची खोली अंदाजली आणि विचारलं, "कापतेत कवा?" सप्टेंबर-ऑक्टोबरात, असं भाच्याने कळवलं. बाबा बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. "मंग हे लोक समुद्रावर कवा जात असन?"

हा प्रश्न आम्ही मिलानला पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही.

आम्ही मात्र एकदा नीट गेलो. डिसेंबरात, नाताळच्या आधी. भारी धान चुरून झाला होता, नात्यातल्या मंडया आटपल्या होत्या, उन्हाळी धानाची रोवणी जानेवारीत होती. पोती केंद्रावर काट्याच्या रांगेत होती आणि ती तशीच राहणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या बाबा थबकले. समोर निळं पाणी, वर मोकळं आभाळ, माडांची रांग. बाबा खाली पाहत होते. त्यांनी वाकून मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "एवढी रेती," ते हळूच म्हणाले, "आन एक टिप्पर दिसून नाही राह्यला!" वैनगंगेच्या काठी रात्री टिप्परचे दिवे मोजत झोपणाऱ्या माणसाला ही शिस्त कळेना. समुद्राची रेती खारी, बांधकामाला ती चालत नाही, हे समजावलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी पाण्याकडे मान वर केली.

आजीने पाणी चाखून पाहिलं. तिचा निकाल एका वाक्यात लागला : "एवढं पानी, आन धानाच्या कामाचं नाही."

भरती-ओहोटीचं मात्र आमच्या लोकांना काहीच समजवावं लागलं नाही. सकाळी गुडघ्यापर्यंत होतं ते पाणी दुपारी लांब गेलेलं पाहून होडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला जोर जास्त. "म्हणजे कृषिपंपाच्या लाइनसारखं," मामाजी म्हणाले. "या हप्त्यात दिवसा, पुढच्या हप्त्यात रातच्याला." होडीवाल्याला कृषिपंप माहीत नसावा, पण त्याने मान डोलावली.

जेवणात सुरमई सगळ्यांना आवडली, सोलकढी एकट्या आईला. भात आला तेव्हा मात्र ताटाभोवती शांतता झाली. उकड्या तांदळाचा जाड, तांबूस दाणा. बाबांनी एक शीत दाबून पाहिलं, मामाजींनी वास घेतला. कुणी काही बोललं नाही. पाहुण्यांच्या घरी तांदळावर बोलत नसतात. रात्री गावच्या देवळात दशावतार होता. राजा आणि राक्षस मृदंगावर नाचत भांडत होते, भाषा अर्धी कळत होती, पण शिव्या कुणाला घालायच्या हे पुरतं कळत होतं. आजी पहाटेपर्यंत जागची हलली नाही.

तेव्हा आमच्या घरापुरता निकाल असा : डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. समुद्र उघडा, होड्या चालू, घाम नाही, नाताळचे दर अजून चढायचे, आणि बांधीत काम नाही. यात अडचण एकच उरते, केंद्रावरच्या पोत्यांची. त्या दिवसांत रांगेत आमचा नंबर धरून उभं राहायला करडी-पालोरा-मुंढरीकडचा कुणी भला माणूस तयार असेल तर त्याने अवश्य कळवावं. मालवणहून खाजं आणि काजू आणू. रेती आणता येणार नाही.