सर्व कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये जोडावीत

अर्ज ऑनलाइन झाले, म्हणून कागद काही कमी झाले नाहीत. आता त्यांचे फोटोही काढावे लागतात. शिवाय सगळे एकाच पीडीएफमध्ये हवेत. मग सातबारा, आधार, जातीचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान असा सगळा संसार आपण कुठल्याशा ‘फुकट’ संकेतस्थळावर चढवतो. सख्ख्या भावाला पगार न सांगणारा माणूस अनोळखी सर्व्हरला पॅन कार्ड बिनदिक्कत देऊन मोकळा होतो.

खरं तर हे काम इंटरनेटशिवाय घरच्या घरी होतं. ‘आयएमजीटूपीडीएफ’ हे मुक्त सॉफ्टवेअर जेपीईजी चित्रं पुन्हा न दाबता जशीच्या तशी पीडीएफमध्ये बसवतं. एका ओळीची आज्ञा, दमडीचा खर्च नाही. म्हणूनच बहुधा कुणाचा विश्वास बसत नाही. पथ्य एकच: फायलींना ०१, ०२ अशी नावं द्यावीत. नाहीतर संगणक १ नंतर थेट १० घेतो आणि २ नंबरचं पान मागे ताटकळतं. ज्येष्ठता यादीचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

एवढं करून फाइल तयार होते, तर मर्यादा २०० केबीची. दाबून दाबून ती बसवावी, तोवर दाखल्यावरचा शिक्का शाईचा डाग झालेला असतो. पुढचं खिडकीवरचे साहेब सांगतातच: “काही दिसत नाही हो. मूळ प्रत आणा, आणि झेरॉक्सचे दोन संच.”