पाटील कुठले?

महाराष्ट्रात कुणी 'मी पाटील' एवढंच सांगितलं, तर त्यानं अजून काहीच सांगितलेलं नसतं. समोरचा लगेच विचारतो, "पाटील कुठले?" मग गाव येतं, तालुका येतो, तेवढ्यानंही भागलं नाही तर 'ते ट्रॅक्टरच्या शोरूमवाले का?' इथपर्यंत जावं लागतं. याउलट 'मी दहातोंडे' म्हणणाऱ्याला 'कुठले दहातोंडे' असं कुणी विचारत नाही. त्याला बाकीच्या नऊ तोंडांबद्दल विचारतात. आणि तो बिचारा हा विनोद आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.

माझ्या फोनमध्ये 'पाटील गॅस' आहेत, 'पाटील एलआयसी' आहेत, 'पाटील तिसरा मजला' आहेत आणि 'पाटील उचलू नये' हेही आहेत. मी स्वतः कुलकर्णी. दुसऱ्यांच्या फोनमध्ये माझ्यापुढे काय लिहिलेलं असेल, याचा विचार मी सहसा करत नाही.

सांगलीच्या एका दवाखान्यात बसलो होतो. कंपाउंडरनं दार किलकिलं करून हाक मारली, "पाटील!" चौघे उठले. "संभाजी पाटील!" दोघे बसले. उरलेल्या दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की बांधाचा दावा यांच्यातच चालू असावा. कंपाउंडरनं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "गुडघा कुणाचा?" पाठदुखीचे पाटील मुकाट्यानं खाली बसले.

इतके पाटील आले कुठून? मुळात ते पद. गावाचा प्रमुख तो पाटील, दप्तर सांभाळणारा तो कुलकर्णी. परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे. वतन वंशपरंपरेचं, त्यामुळे खुर्चीवर एकच जण बसला तरी आडनाव लावायला सगळी भावकी मोकळी. पुढे १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी गेली. पदं गेली, आम्ही मात्र आडनावाच्या रूपानं बिनपगारी कामावर राहिलो. सरकारला पद रद्द करता येतं, भावकी नाही.

'कर'वाल्यांची तऱ्हा निराळी. महाराष्ट्रात चाळीस हजारांच्या वर गावं, म्हणजे आडनावांना तोटा नाही. पण गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावून उपयोग काय? तिथं सगळेच त्या गावचे. त्यासाठी आधी गाव सोडावं लागतं. बा. सी. मर्ढेकरांचं मूळ आडनाव गोसावी. साताऱ्याकडच्या मर्ढे गावावरून ते मर्ढेकर झाले. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर घेतलं. गोसावी गावोगाव भेटतील. मर्ढेकर म्हटलं की मराठी वाचकाला एकच माणूस आठवतो.

इथंच मला एक गंमत दिसते. मराठी साहित्यातली मंडळी आठवून पाहा. अत्रे, गडकरी, मर्ढेकर, खानोलकर यांचं आडनावावर भागतं. पण देशपांडे म्हटलं की कुणाचंच भागत नाही, म्हणून पु. ल. झाले. कुलकर्णी म्हटलं तर निम्मं पुणं 'ओ' देईल, म्हणून जी. ए. झाले. जोशी तर पंचांगाइतके घरोघर, तेव्हा एक चिं. वि. झाले आणि दुसऱ्यांना सगळे वामन मल्हार म्हणू लागले. म्हणजे दुर्मीळ आडनाव माणसाचं नाव गिळून बसतं आणि सर्रास आडनाव त्याला स्वतःचं नाव कमवायला लावतं. पु. लं.ना 'देशपांडे' म्हणणारा माणूस एक तर बँकेतला असणार, नाही तर इन्कमटॅक्समधला.

राजकारणातही तेच. वसंतदादा, राजारामबापू, आर. आर. आबा हे तिघंही पाटील. पण लोकांनी त्यांना दादा, बापू, आबा करून टाकलं. त्यात प्रेम होतंच, सोयही होती. मुख्यमंत्र्यांच्या यादीत चव्हाण चार आहेत: यशवंतराव, शंकरराव, अशोक आणि पृथ्वीराज. तिथं नुसतं 'चव्हाण साहेब' म्हणून चालेल कसं? अंतुले एकच झाले, त्यांना अंतुले म्हटलं की पुरतं. शिवाजीराव पाटलांनी मागे निलंगेकर जोडून गोंधळ आधीच मिटवला होता. जयंत पाटलांच्या बाबतीत मात्र अजूनही 'सांगलीकडचे की अलिबागचे?' हे विचारावंच लागतं.

यावरून तुमचं आडनाव वेगळं असेल तर तुम्ही सुरक्षित, असं कुणाला वाटेल. तसंही नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक सुनील तटकरे अपक्ष म्हणून उभे होते आणि त्यांना साडेनऊ हजारांच्या वर मतं पडली. पाटलांना नामसाधर्म्याची सवय असते, ते चिन्ह ओरडून सांगतात. तटकऱ्यांना हे सुचायचं कारणच काय!

रोजच्या व्यवहारात मात्र सर्रास आडनावासारखं सुख नाही. पाटलांच्या पोरानं चेंडू मारून काच फोडली, तर कुठल्या पाटलांच्या, हे ठरेपर्यंत नवी काच बसलेली असते. बारटक्क्यांच्या पोरानं फोडली तर अर्ध्या तासात बारटक्के पाकीट काढून दारात उभे. अर्थात त्यांचाही एक वेगळा आनंद आहे. दोन बारटक्के एसटीत शेजारी बसले, तर पुढचा थांबा यायच्या आत कुळदैवत, मूळ गाव आणि चुलत्याच्या साडूकडून नातं निघतं. दोन पाटील शेजारी बसले, तर ते उसाच्या दराबद्दल बोलतात.

हल्ली पाटील, जाधव, शिंदे घराण्यांतल्या तरुण आईबापांनी यावर उपाय काढला आहे. आडनाव बदलवत नाही ना, मग नाव असं ठेवायचं की पंचक्रोशीत दुसरं नसावं. रात्र रात्र मोबाइलवर शोधून ते 'रेयांश' काढतात. अडचण इतकीच, की सगळेच तिथंच शोधतात. जूनमध्ये बालवाडीच्या बाई हजेरी घेताना 'रेयांश पाटील' म्हणतात आणि तीन हात वर होतात. मग बाई चष्मा सावरतात आणि मराठी माणसाच्या नावात मधोमध बापाचं नाव कशासाठी असतं, हे त्या वर्गाला पहिल्याच दिवशी कळतं: "संभाजीचा कोण रे?"