फॉरमॅट मारा, दाजी!

लिनक्सवाल्याचा संगणक सुरू होईनासा झाला, की घरात सल्लागारांना ऊत येतो. बायको म्हणते, "अहो, विंडोज चांगलं चाललं होतं ना? त्याच्या शेजारी हे कशाला आणून बसवलंत?" मेहुणा तर बाह्या सरसावूनच उभा. "फॉरमॅट मारा, दाजी. अर्ध्या तासात नवाकोरा!" मेहुण्यांच्या या उत्साहापायी किती मुंजींचे फोटो स्वर्गवासी झाले, त्याची नोंद कुठेच नाही.

दाजींसमोर काळ्या पडद्यावर 'एरर: नो सच पार्टिशन' आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू'. बस्स. ग्रब म्हणजे संगणक चालू होताना लिनक्सचं कर्नल शोधून मेमरीत चढवणारा प्रोग्राम. डिस्कवर ठेवलेला स्वतःचाच उरलेला भाग त्याला सापडला नाही, की तो इथे अडून बसतो. 'हेल्प' टाइप केलं तर अशी आज्ञा आपल्याला ठाऊक नाही म्हणतो. सरकारी खिडकीतला माणूसही निदान 'उद्या या' म्हणतो.

चौकशीअंती धागा चिरंजीवांपर्यंत पोहोचला. गेमसाठी जागा हवी म्हणून त्यांनी विंडोजमधून एक रिकामं पार्टिशन उडवलं होतं. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर लॉजिकल पार्टिशनं पाचपासून मोजतात, आणि मधलं एक गेलं की मागच्यांचे नंबर बदलतात. लिनक्स सहावरून पाचवर आलं; ग्रब सहालाच शोधत राहिला. फोटो, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, आयकराचे कागद, सगळं होतं तिथेच होतं.

पण एकट्या चिरंजीवांना कशाला बोल लावा? ग्रबमधलं 'बूटहोल' नावाचं भोक बुजवायला जुलै २०२० मध्ये आलेल्या अपडेटनंतर रेड हॅटची बरीच यंत्रं सुरूच होईनात. एका अर्थी ती पूर्ण सुरक्षित झाली म्हणायची. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर विंडोजशेजारी नांदणाऱ्या काही लिनक्सांनी 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' एवढं बोलून मान टाकली.

दाजींनी आधी मेहुण्याला चहाला बसवलं. मग दुसऱ्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह बनवला. डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून अख्खं लिनक्स चालतं. अशी सोय, तेव्हा सीडीवरून, क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थाच्या नॉपिक्सने २००० पासून लोकप्रिय केली. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत सुरुवातीलाच दोन बटणं दिसतात, 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल'. अगदी शेजारीशेजारी! ज्याने ती तशी लावली, त्याला मेहुणा नसावा.

'ट्राय' दाबून पार्टिशन नुसतं वाचण्यापुरतं माउंट केलं, तर होम फोल्डर म्हणतो, परवानगी नाही. स्वतःच्याच मुलीच्या वाढदिवसाचे फोटो पाहायला प्रशासकाचा अधिकार देणारा 'सुडो' लावावा लागला. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, चार फायली उघडून पाहिल्यावरच दाजींनी दुरुस्तीला हात घातला. डिस्क कटकट वाजत असती, तर मात्र फायली चाळण्याआधी 'डीडीरेस्क्यू'ने तिची जशीच्या तशी प्रत काढावी लागली असती.

पेन ड्राइव्ह काढून संगणक चालू केला, पुन्हा काळा पडदा. 'एलएस' मारत एकेक पार्टिशन विचारायचं. 'अननोन फाइलसिस्टम', पुन्हा 'अननोन फाइलसिस्टम', आणि पाचव्याने फोल्डरांची नावं सांगितली. 'प्रीफिक्स', म्हणजे ग्रबच्या उरलेल्या भागाचा पत्ता, पाचवर, मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल', की मेनू हजर! लिनक्समध्ये शिरून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवलं, एवढंच. 'ग्रब-इन्स्टॉल'ला अख्खी डिस्क सांगायची, पार्टिशन नव्हे.

चिरंजीवांनी लगेच विंडोज उघडून खात्री केली. गेम शाबूत होता. घड्याळ मात्र साडेपाच तास मागे, कारण लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात सहसा जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तिलाच स्थानिक समजतं. रात्री अकराला "बाबा, आत्ताशी साडेपाच वाजलेत" असं पडद्याकडे बोट दाखवून सांगत चिरंजीवांनी नवा डाव मांडला.