बुडबुडा कसा वाचावा: भट्टीवर पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

मार्च ते मे या दिवसांत पेडण्यात किंवा डिचोलीत फिरा. काजूचे बोंडू पिळल्याचा आंबूस वास आला की थांबा, फेणीची भट्टी जवळच असते. सोबत काचेचा ग्लास हवा, आणि गप्प बसायची सवय.

भट्टीवरची दारू जरा उंचावरून ग्लासात ओता. कडेला जमलेले बुडबुडे आले तसे गेले, तर ती पहिल्या गाळपाची हुर्राक. रेंगाळले, तर फेणी. इथं मान हलवावी. ग्राव, म्हणजे दारूचा कस, मोजायची काचेची नळी भट्टीवाल्याकडे असते, पण ती बाहेर आली की तुमच्या मानेला किंमत उरत नाही.

आता शेजारचा म्हणेल, "बघा, केवढा जोर!" त्याला हो म्हणा, पण मनातून मानू नका. बुडबुडा नुसत्या जोरावर टिकत नाही: जोराचंच म्हणाल तर शुद्ध मद्यार्क साधारण पाण्याइतकाच पातळ असतो. दोन्ही निम्मेनिम्मे मिसळले की मात्र चिकटपणा पाण्याच्या दुपटीवर जातो. मग बुडबुड्याच्या पापुद्र्यातला द्रव सावकाश ओघळतो आणि बुडबुडा टिकतो. मेक्सिकोत मेझकाल गाळणारे हीच परीक्षा घेतात, बुडबुड्यांना मोती म्हणतात. तिथल्या मोत्यांवर २०२० मध्ये शोधनिबंधही निघाला. त्यात चिकटपणासोबत गाळपातून उतरणाऱ्या इतर द्रव्यांचाही वाटा दिसला.

पुढचा धडा दाबाचा. यंग आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी १८०५च्या सुमारास नियम बसवला: द्रवात बुडालेल्या बुडबुड्यातला जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात साध्या पाण्यात १४४ पास्कल, फेणीत साठेक, कारण मद्यार्क पृष्ठताण निम्म्याखाली आणतो. साठ पास्कल म्हणजे सहा मिलिमीटर पाण्याचं वजन. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट. बुडबुडा वर येऊन घुमटासारखा बसला, की पापुद्र्याला आत-बाहेर दोन पृष्ठं मिळतात आणि सूत्रात दोनाच्या जागी चार येतात.

तेव्हा एकमेकांना चिकटलेले दोन बुडबुडे शोधा. त्यांच्यामधली भिंत मोठ्याच्या पोटात फुगलेली दिसेल, कारण दाब धाकट्याचा जास्त. थोरल्यांच्या बैठकीत हे उदाहरण देऊ नये.

त्रिज्या अचूक मोजायची तर ग्लास डोळ्यांजवळ न्यावा लागतो. तेवढ्यात नाक मध्ये येतं, आणि दुसऱ्या मापासाठी पुन्हा ओतावी लागते.